लिलीचा रोग

चहा घ्या निवांत, पण आमच्या लिलीचं तेवढं विचारू नका. आता विचारलंच आहे, तर ऐका.

कुंडीतल्या लिलीची पानं पिवळी पडायला लागली. बायको म्हणाली, "ऊन लागलं." शेजारच्या काकू म्हणाल्या, "नजर लागली." मी बुरशीचं औषध आणून फवारलं. शेवटी टेंभुर्णीहून माझा मित्र दत्ता आला. त्याची तिथं रोपवाटिका आहे. त्यानं कुंडी उकरली, लिलीचा कांदा काढून दाबला. बोटाला नुसता चिखल, आणि वास असा की बायकोनं पदर नाकाला लावला.

"कुजलाय," दत्ता म्हणाला. "पाणी लई झालं."

मी भडकलो. "सोलापुरात? पाणी लई? अरे, इथं चार-चार दिवस नळ कोरडा असतो!"

"मग हिला बुडवतंय कोण?"

तेवढ्यात खालून आरोळी आली, "पाणी आलं!" बायको धावली. ताजं पाणी भरायचं तर पिंपातलं शिळं पाणी आधी काढायला हवं. तिनं बादल्या भरभरून कुंड्यांत ओतल्या. सवयीनं एक मीही ओतली.

दत्ता बघतच राहिला. "वहिनी, अवं काय करताय?"

"मग काय गटारीत ओतू? सोलापुरात पाणी वाया घालवतं का कुणी?"

लिली गेली. कशानं गेली विचारलं की मी रोग सांगतो. आमच्या घरी पाणी जास्त झालं म्हणालो, तर सगळी कॉलनी घागरी घेऊन दारात उभी राहील की!