पत्ते संपले की काय करायचं

"तिच्या हातात ते पुस्तक देऊ नका, उगाच डोक्याला ताप होईल तिच्या. तिला आपलं मीठ वाटायला बसवा."

...हे म्हणालं कोण, तर माझ्या सासूबाई. कुणाबद्दल, तर माझ्याबद्दल. आणि मी कुठे, तर दाराच्या अलीकडे, हातात चहाचा ट्रे घेऊन. आत जावं तर ऐकलं असं दिसणार, मागे फिरावं तर कपबशा वाजणार, म्हणून मी आपली उभी. तुम्हाला सांगते, नव्या सुनेला सासरी हक्काची अशी एकच जागा असते, ती दाराच्या अलीकडे.

आता मीठ म्हणजे खरं मीठ नाही हो. पांढरे लाकडी तुकडे. लग्न ठरताना मला सांगितलं होतं, माणसं साधी आहेत, घरात पद्धतींचा फार काच नाही. खरंच नाही. फक्त जेवणाच्या टेबलावर जेवायचं नाही, एवढी एक पद्धत आहे. का, तर टेबलावर समुद्र आहे. समुद्र, बंदरं, जहाजं, वखारी, मीठ, लाकूड, लोखंड... मोठाच्या मोठा पट मांडून ठेवलाय, माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून. आठवडाभर त्याच्यावर चादर, रविवारी दुपारी चादर काढायची नि जिथे थांबलो तिथून पुढे खेळायचं. आणि जेवण? मांडीवर ताट, सोफ्याच्या हातावर वाटी. वाटी सांडली तर सगळे म्हणतात, "सवय होईल हळूहळू." झालीय. आता मी तिसऱ्याच घासाला सांडते.

खेळणारे तिघं. एक सासरे, दुसरा माझा नवरा, तिसरे मोठे भावजी. सासऱ्यांचं चष्म्यांचं दुकान. नवरा त्याच दुकानात बसतो. मोठे भावजीही बसायचे, पण त्यांनी समोरच्याच फुटपाथवर आपलं वेगळं दुकान काढलं. कशाचं काढावं? चष्म्यांचंच. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघंही एकमेकांच्या चष्म्याकडे बघतात आणि पुढे जातात. पण रविवारी भावजी खेळायला घरी आले, टेबलाशी बसले की, "लाकूड आहे का रे तुझ्याकडे?" "आहे, पण लोखंड टाका आधी." "बापाकडे लोखंड मागतोस?" "मग काय मीठ मागू?" असं दिवेलागणीपर्यंत. वाद झालाच तर सासरे घसा खाकरून चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "नियम म्हणजे नियम."

हे नियम म्हणजे एक साठेक पानांचं पुस्तक आहे. ते वाचलंय किती जणांनी? सासऱ्यांनी पहिली बारा पानं मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, पुढचं लागेल तसं बघू. नवऱ्याला फक्त जहाजं माहीत. भावजींना फक्त दंड माहीत, तोही दुसऱ्यांना किती पडतो तेवढाच. बाकी काही अडलं की सासूबाई स्वयंपाकघरातून पुस्तक आणतात, हवं ते पान अंगठ्यानं उघडून धरतात, वाचून झालं की परत घेऊन जातात. ठेवतात कुठे, तर फळीवर, पिठाच्या डब्यामागे. मला वाटलं, असेल या घराची पद्धत. नव्या सुनेनं काय, डब्यामागे काय आहे असं विचारायचं?

पण "डोक्याला ताप" हे शब्द काही केल्या माझ्या डोक्यातून जाईनात. अहो, मी कमी बोलते म्हणजे मला कमी कळतं का? म्हटलं, थांबा. त्या आठवड्यात कणीक भिजवता भिजवता मी ते पुस्तक वाचून काढलं. एका हातात कणीक, दुसऱ्या हातात पान. मीठ ओलं झालं तर काय, वखार जळली तर काय, दोन जहाजं एकाच बंदराला लागली तर आधी कोण... आणि शेवटून दुसऱ्या पानावर, अगदी तळाशी, चौकटीत, मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं, की हवामानाचे पत्ते संपले की हिवाळा आला असं समजावं, समुद्र गोठतो, ज्याचा त्याचा माल मोजावा, खेळ संपला.

संपला? आमच्याकडे तर पत्ते संपले की सासूबाई ते गोळा करतात, पिसतात आणि परत ठेवतात. अख्खं घर चष्म्यांवर जगतंय, साऱ्या गावाला खालची बारीक ओळ वाचायला लावतंय, आणि यांच्या समुद्राला एकदाही हिवाळा नाही!

तुम्हाला सांगते, इतकी खूश मी माझ्या साखरपुड्यालाही नव्हते. एक वाक्य बोलायचं होतं. डोक्याला ताप कुणाच्या ते कळणार होतं आणि वर जेवायला टेबल मिळणार होतं. ते वाक्य मी भांडी घासताना दहादा म्हणून पाहिलं.

रविवारी सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "पुस्तकाला कणीक लागलीय."

मी ट्रेमध्ये कपबशा मांडायला घेतल्या.

"शेवटपर्यंत वाचलंस?"

"हो."

त्यांनी गाळणी ठेवली. "दुकानं वेगळी झाल्यावरच्या पहिल्या रविवारी पत्ते संपत आले, तर मोठा निघायला म्हणून टेबलाखाली चपला शोधायला लागला. मला काही सुचेना. म्हटलं, अरे बस, पिसायचे असतात. तर बसला बाई." मग ट्रे माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुला पुस्तक देऊ नका म्हटलं ते एवढ्यासाठीच. तू वाचणारी वाटलीस. आता बोलायचं तर बोल. नियम म्हणजे नियम."

बघा, म्हणजे मला हुशार समजणारं घरात एकच माणूस, आणि तेच मला ढ ठरवत फिरत होतं. आता यावर चिडायचं तरी कसं?

तर मी मीठ वाटत बसले. दुपार सरली. शेवटचा पत्ता सासऱ्यांनी उचलला. वादळ. कुणाचं तरी जहाज बुडालं. सासूबाईंनी हात पुढे केला, आणि नेमकं त्याच दिवशी माझ्या नवऱ्याला अक्कल सुचली. "आई, हे सारखं पिसायचं असतं हे नक्की ना? कुठल्या पानावर आहे?"

सासूबाईंचा हात तसाच राहिला. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मला टेबलाखाली भावजींची चप्पल सरकल्याचं ऐकू आलं. सासऱ्यांनाही आलं असावं, कारण ते पुस्तक मागायचं सोडून पटाकडेच बघत बसले, कोपऱ्यातल्या भावजींच्या बंदराकडे. माझ्या जिभेवर ते घोटलेलं वाक्य अगदी तयार. टेबलही दिसत होतं, पांढरं, रिकामं, वर पाच ताटं...

आणि त्या टेबलाशी मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "मी अख्खं पुस्तक वाचलंय, बाबा. पत्ते संपले की पिसायचेच असतात. आणा इकडे."