भांडं घासलं हो, दुसरं काय केलं!

…नाही, पण मला एक सांगा, माणसानं आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, आपणहून एक भांडं घासलं, तर त्याच्या पाठीवर थाप मारायची, की त्याच्याच अंगणात उभं करून त्याची बिनपाण्यानं हजामत करायची? अं? आणि करणारी कोण, तर माझी थोरली मेहुणी डेल्फा! वय वर्षं शहात्तर, गुडघे दोन्ही गेलेले, पण आवाज असा की आमच्या आयडाहोत बटाट्याच्या शेतात ट्रॅक्टर चालू असला तरी पलीकडच्या बांधावर ऐकू जावा. "ऑरिन! अरे मेल्या, काय केलंस हे?" आता काय केलं म्हणजे? भांडं घासलं हो, दुसरं काय केलं!

तुम्हाला सांगतो, भांडं व्हर्नाचं. व्हर्ना म्हणजे माझी बायको. गेल्या नोव्हेंबरात गेली. बिडाचं भांडं, तीन बुटके पाय, आणि झाकणाला कडेनं काठ, म्हणजे वर निखारे ठेवले तर घसरत नाहीत. दर ऑगस्टात आम्ही सगळे तळ्याकाठी जमायचो, आणि व्हर्ना त्या भांड्यात पीचचा कॉब्लर करायची. खाली फळं, वर पिठाचा थर, आणि वास असा की पलीकडच्या तंबूतली अनोळखी माणसं "मीठ आहे का हो?" म्हणत यायची. मीठ कसलं! पण ती त्यांनाही वाढायची.

तर जूनमध्ये पोरीचा फोन. मार्लिस. "बाबा, यंदा तळ्यावर जायचं कशाला? आई नाही, कॉब्लर नाही. आपापल्या घरीच बसू ना सगळे." आपापल्या घरी! अहो, तिच्या घरात नवरा आहे, दोन पोरं आहेत, कुत्रा आहे. माझ्या घरात मी आहे आणि फ्रीज आहे. आणि हे एकदा मोडलं ना, की मोडलंच. पुढच्या वर्षी फोन, त्याच्या पुढच्या वर्षी नुसतं कार्ड. आणि तोंडातून निघून गेलं, "कॉब्लर मी करतो." "बाबा, तू?" "मग? मीच!"

आता उघड्यावर रांधण्याचा माझा अनुभव विचाराल, तर लाकडं आणणं, चिमट्यानं निखारे देणं आणि खाणं. पण म्हटलं, सुरुवात तर करू. भांडं काढलं गॅरेजमधून. काळंकुट्ट, तेलकट, बोट लावलं तर चिकटतंय. आणि मला एकदम भरून आलं. कारण काय, लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, घरातलं प्रत्येक पातेलं तिनं मला घासायला लावलं, पण हे भांडं? कधीच नाही! मी उठलो की ओरडायची, "ऑरिन, हात लावू नकोस! माझं मी बघते!" आणि मला वाटायचं, किती प्रेमळ बायको! एवढं जड भांडं, नवऱ्याला त्रास नको म्हणते! म्हटलं, व्हर्ना, आता तरी मला घासू दे.

आणि घासलं! सकाळी साबणाच्या पाण्यात बुडवलं, दुपारी तारेची घासणी घेतली, काळं निघेना म्हणून ओव्हन साफ करायचा फवारा मारला, खांदा निखळायची वेळ आली, पण संध्याकाळी भांडं असं लखलखीत की त्यात दाढी करावी! ओसरीवर वाळत ठेवलं. आणि सकाळी बघतो तर… गंजलेलं. तांबूस. आतून-बाहेरून.

तेवढ्यात डेल्फा आली. भांड्याकडे बघितलं, आणि आधी ओरडली, ते सांगितलंच. मग मात्र आवाज खाली आला तिचा. म्हणाली, "अरे, ते काळं म्हणजे मळ नव्हता. चरबी जळून जळून बसलेला थर होता तो. तिनं त्या भांड्यात जे जे केलं, ते सगळं त्यात मुरलेलं होतं. त्रेचाळीस वर्षं, ऑरिन. तू धुऊन टाकलीस."

मी पायरीवर बसलो. तिचे कपडे पोरीनं नेले, चष्मा कुठे गेला ठाऊक नाही, आणि जे खरोखर तिचं उरलं होतं ते मी फवारा मारून मोरीत सोडलं. रडलो. सरळ सांगतो, रडलो. भांडं घासलं हो, दुसरं काय केलं!

"रडून गंज वाढेल," डेल्फा म्हणाली. "ऊठ. पुन्हा मुरवायचं." मुरवायचं म्हणजे? लोणचं आहे का? "गप्प बस आणि चरबी आण." मग रोज तेच. गंज घासा, चरबीचा पातळ हात फिरवा, निखाऱ्यांवर उपडं घाला, गार करा, पुन्हा चरबी! आणि धूर? शेजारचा पाण्याची नळी हातात धरून कुंपणापाशी उभा! सहा आठवड्यांनी भांडं काळं झालं का? नाही. जरा तपकिरी झालं.

ऑगस्ट आला. सगळे आले, बरं का! चौदा माणसं. कॉब्लर बघायला आली की फजिती, देव जाणे. मी पीच घातले, पीठ ओतलं, झाकण ठेवलं. वर सोळा निखारे, खाली आठ, व्हर्ना दर वर्षी मोठ्यानं मोजायची तसे. मी पण मोठ्यानंच मोजले. कुणी हसलं नाही.

आणि कॉब्लर? बुडाला चिकटला! वरचं आलं, खालचं येईना. मार्लिसनं एक घास घेतला, चावला, माझ्याकडे बघितलं. "बाबा, लोखंड लागतंय." म्हटलं, संपलं. आता बसा आपापल्या घरी. पण ती चमचा घेऊन भांड्यापाशीच बसली, आणि बूड खरवडून खरवडून खायला लागली. डोळ्यांतून पाणी, तोंडात घास. म्हणाली, "पुढच्या वर्षी पीच मी आणते."

पुढच्या वर्षी! ऐकलंत ना तुम्ही? मी तर दोनदा विचारलं.

तेवढ्यात आमचा जावई, ग्रेडी, गुणी पोरगा हो, उठला, भांडं उचललं, साबणाची बाटली घेतली आणि निघाला नळाकडे. आणि माझ्या तोंडून जे निघालं ना… "ग्रेडी! हात लावू नकोस! माझं मी बघतो!"

डेल्फानं तोंड फिरवलं. शब्द व्हर्नाचेच ना.

आणि ग्रेडी? बाटली खाली ठेवली, मार्लिसच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "बघ, किती प्रेमळ आहेत तुझे बाबा! भांडंसुद्धा घासू देत नाहीत."

म्हटलं, असू दे. मलाही त्रेचाळीस वर्षं असंच वाटत होतं.