सकाळचे पाय, दुपारचे पाय

(लहानमोठ्या पायांसाठी मापाचे बूट करणारं दुकान. दुपारचे साडेतीन. फोन स्पीकरवर.)

भाची : पेनड्राइव्ह लावलास?

मामा : लावला. गेले सगळे.

भाची : कोण गेले?

मामा : अगं, पाय. टपालवाले गेले, शाळेतल्या बाई गेल्या. दुसरेच कोणीतरी आले.

भाची : म्हणजे मापांच्या फाइली. आता पेनड्राइव्ह काढ. उपटू नकोस हं, आधी नावाशेजारच्या बाणावर टिचकी मार.

मामा : मारली. काढला. आले टपालवाले!

मामी : ऐकलंस ना? महिनाभर हेच चाललंय. लावला की जातात म्हणे, काढला की येतात. जगात सगळे पेनड्राइव्ह लावून फाइली बघतात, आमच्याकडे काढून बघतात.

मामा : आणि सुतार दोन्हीकडे आहे. लावला तरी सुतार, काढला तरी सुतार.

मामी : हे नवीनच.

मामा : मी खोटं बोलतोय का?

मामी : खोटं कोण म्हणतंय? विसरता. साडेचारला डॉक्टरांकडे जायचंय, तेही विसराल.

भाची : कसले डॉक्टर?

मामा : डोक्याचे. मामीनं आणि जावयानं ठरवलंय. ते डॉक्टर ‘हं’ म्हणाले की दुकानाला कुलूप.

मामी : मला काय हौस आहे कुलपाची? एखाद्याला आखूड पायाखाली पाऊण इंचाची टाच हवी आणि तुम्ही अर्ध्याची लावलीत, तर तो माणूस रस्त्यात पडेल. त्या सुताराचं माप दोनदा घेतलंत. तो बिचारा म्हणाला, परवाच तर घेतलं होतंत.

मामा : फाइल दिसत नव्हती म्हणून घेतलं!

भाची : थांबा दोघंही. मामा, पेनड्राइव्ह पुन्हा लाव आणि काळी खिडकी उघड. टाइप कर : एल, एस, बी, एल, के. सगळं छोट्या अक्षरांत. मग एंटर.

कॉम्प्युटर, मामाच्या तोंडून : एसडीए. त्याखाली एसडीए एक. मग एसडीबी, एसडीबी एक, आणि पुढे... तिरकी रेघ, होम, तिरकी रेघ, दुकान, तिरकी रेघ, माप.

भाची : हे तर बरोबर आहे. एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह, तो ‘माप’ फोल्डरवर बसलाय.

मामा : सगळं बरोबर आहे तर टपालवाले कुठे आहेत?

भाची : तेच कळेना. काल पेनड्राइव्हची तपासणी केली तेव्हाही चूक शून्य.

मामी : जावई म्हणतात, कॉम्प्युटरमधलं ते लिनक्स काढा आणि सगळ्यांकडे असतं ते घाला. पेनड्राइव्ह पण पुसून टाका.

भाची : कोणी काही पुसायचं नाही! मामा, आत्ता दिसताहेत त्यातल्या गेल्या महिन्याभरातल्या फाइली वाच. नाव आणि वेळ, तारखा नकोत.

कॉम्प्युटर, मामाच्या तोंडून : नर्सबाई, तीन वाजून दहा. बसवाला, साडेबारा. सुतार, साडेचार. चष्मेवाल्या आजी, पाच.

भाची : आता काढून वाच.

कॉम्प्युटर, मामाच्या तोंडून : टपालवाले, साडेनऊ. शाळेतल्या बाई, दहा. सुतार, दहा चाळीस... अगं, इथे एकही अकराच्या पुढचा नाही.

भाची : आणि मघाशी?

मामा : मघाशी एकही अकराच्या आतला नव्हता. हे काय लफडं? सकाळचे पाय वेगळे, दुपारचे वेगळे?

भाची : अकराला काय होतं दुकानात?

मामा : काही नाही. ही येते.

भाची : मामी, येताना काय आणतेस?

मामी : काय आणणार? डबा, चष्मा, पाण्याची बाटली... आणि तो पेनड्राइव्ह.

भाची : पेनड्राइव्ह तुझ्याकडे?

मामी : रोज संध्याकाळी पर्समध्ये घालून घरी नेते. शेजारच्या दुकानाचं कुलूप फोडलं तेव्हापासून. झाला दीड महिना.

भाची : अरे देवा. मामा, ‘माप’ हा फोल्डर कॉम्प्युटरचाच आहे. पेनड्राइव्ह आला की त्याच्यावर बसतो, तशी सोय मीच करून दिली होती. पण पेनड्राइव्ह नसला तरी फोल्डर असतोच, फाइलही मुकाट्यानं घेतो. सकाळी तू ठेवतोस ते कॉम्प्युटरच्या पोटात जातं. अकराला मामी पेनड्राइव्ह लावते, तो वर बसतो आणि सकाळचं सगळं खाली झाकलं जातं.

मामा : म्हणजे बुटात सुखतळा घातला की खालचे खिळे दिसत नाहीत, तसं.

भाची : अगदी तसं. खिळे असतात जागच्या जागी.

मामा : आणि सुतार?

भाची : पहिल्यांदा सकाळी आला, मग दुपारी. दुपारी तुला त्याचं माप दिसणं शक्यच नव्हतं. चूक माझी आहे. पेनड्राइव्ह नसेल तेव्हा फोल्डरनं ‘नाही’ म्हणायला हवं होतं.

मामी : म्हणजे हे विसरत नव्हते.

भाची : नव्हता विसरत.

मामी : माझ्या पर्समुळे! आणि महिनाभर मी चारचौघांत तुम्हाला...

मामा : असू दे गं. चोरानं नेला असता तर तूच शहाणी ठरली असतीस.

भाची : आता पेनड्राइव्ह न लावता ‘सकाळ’ नावाचा नवा फोल्डर कर, ‘माप’च्या शेजारी. सगळे पाय त्यात उचलून ठेव. मग पेनड्राइव्ह लाव आणि ‘सकाळ’मधले त्यावर घे.

मामा : सुतार आधीच आहे म्हणतोय. बदलू का, विचारतोय.

भाची : नको, दोन्ही राहू देत. किती आले?

मामा : एकोणचाळीस. वर आधीचे होतेच. सगळे एका जागी! टपालवाले, बाई, नर्स, आजी... अगं, बघ तरी.

मामी : बघितलं. द्या तो फोन इकडे, डॉक्टरांना कळवते येत नाही म्हणून.

मामा : नको.

मामी : आता कशाला जायचं? सापडलं ना सगळं?

मामा : कॉम्प्युटरमधलं सापडलं.

भाची : मामा?

मामा : परवा ही पुढे निघाली, मी मागून कुलूप लावून निघालो. घरापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता. कोपऱ्यावर आलो आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे, काही केल्या आठवेना.

मामी : मला तर म्हणालात, गिऱ्हाईक भेटलं म्हणून उशीर झाला.

मामा : म्हणालो.

भाची : किती वेळ उभा होतास?

मामा : बरेच जण घरी जाताना दिसले. त्यांच्याकडे बघत उभा होतो.

मामी : अहो...

मामा : चार वाजत आले. चल, निघू. रस्ता तू सांग.