बाहुलीशी गप्पा

बसच्या रांगेत माझ्यापुढे अँब्युलन्स प्रशिक्षणाच्या गणवेशातली एक मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या.

"परत नापास? हात चालत नाहीत का तुझे?"

"चालतात गं. वेळ पुरला नाही. सर म्हणाले, पेशंट म्हणून ठेवलेल्या बाहुलीशी गप्पा मारत बसलीस."

"रबराच्या बाहुलीशी कसल्या गप्पा?"

"आता मान धरते, आता पट्टा बांधते, घाबरू नका."

"तिला कान तरी आहेत का? एक दिवस तोंड बंद ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"बाबांना नेलं तेव्हा अँब्युलन्समधली माणसं आपसातच बोलत होती. बाबा मला विचारत होते, 'हे माझ्याबद्दल चाललंय का गं?'"

"हे मला कधी बोलली नाहीस."

"आई, बस आली."

"येऊ दे. पुढच्या वेळी जरा भराभर बोल, म्हणजे झालं."