दवातली पावडर

ओहायोतल्या आमच्या गावी बी-बियाण्यांच्या दुकानात सकाळीच रांग होती. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"क्लाइड, झुकिनीवर पावडर कधी मारलीस?"

"आज पहाटे. दवात छान चिकटते. बाबा तेव्हाच मारायचे. किड्यांनी वेल सुकवत आणले होते गं."

"फुलांवर नाही ना पडली?"

"फुलांवर, पानांवर, माझ्या बुटांवर. वारा होता."

"अरे देवा! फुलं सकाळीच उघडतात, मधमाश्याही सकाळीच येतात. म्हणून संध्याकाळी मारतात, फुलं मिटल्यावर."

"माश्यांना काय होतंय, डोरीन?"

"मरतात. उरलेल्या तीच पावडर पोळ्यात नेऊन पिलांना भरवतात."

रांग सरकली. ती दोघं सरकली नाहीत.

"शेजारी एमेटच्या पेट्या आहेत, क्लाइड. त्याच्या बायकोनं, ग्लॅडिसनं पाळलेल्या माश्या त्या. ती गेल्यापासून त्याला दुसरं आहे काय?"

"हळू बोल."

"हळू बोलून माश्या वाचणार आहेत का?"

"पण त्याला कळणार कसं, पावडर कुणी मारली ते?"

"क्लाइड!"

"नाही, म्हणजे... तूच सांग ना. तुझं ऐकतो तो."

"पावडर मी मारली?"

तेवढ्यात दारातून कुणीतरी मोठ्यानं हाक मारली.

"क्लाइड! यंदा झुकिनीची चांदी आहे बुवा तुझी. माझ्या माश्या सकाळपासून तुझ्याच वेलांवर!"

"एमेट, गाडी काढ. आणखी माश्या बाहेर पडायच्या आत पेट्यांची तोंडं ओल्या कापडानं झाकायची आहेत. पावडर मी मारली. शिव्या वाटेत दे."