पाठ लागली की संपलं

डोकं? डोक्याचं तुमी मला सांगता व्हय सर? बसा — बसा म्हणतो. मी उभाच बरा, रविवारपासनं मला एका जागी बसवत न्हाय. पुण्याहून एवढ्या लांब येरमाळ्याला आलाव, तालमीच्या दारात चप्पल काढली, बरं वाटलं — पण माझ्या राजेश्वरीला डोकं न्हाय असं म्हणू नका. तसं न्हाय म्हणलं? मग काय म्हणलं? 'ताकद लई हाय वस्ताद, पण पिंजऱ्यात ऐन टायमाला डोकं बंद पडलं' — ह्याचा अर्थ दुसरा काय होतो!

सात वर्साची होती, ह्या मातीत उतरवली तिला. गाव हसलं — बब्रुवान वस्तादाला पोरगं न्हाय म्हणून पोरीला पैलवान करतोय. हसू द्या म्हणलं. म्या तिला एकच शिकवलं, पाठ लागली की कुस्ती संपली. पालथी पड, माती खा, मान मोडली तर मोडू दे, पण पाठ लावायची न्हाय. लागली की चापट. किती मारलं? लई मारलं हो. त्या दिवशी तिची आई जेवायची न्हाय — ते जाऊ द्या, चहा घ्या, गार होतोय.

आन् तुमी काय शिकवलं? पाठीवर पडायचं! खाली पडून वरचीला पायात धरायचं, तिचा हात कधी फसतोय त्याची वाट बघायची. घरी येऊन दाखवलं तिनं — "अप्पा, ह्या एमएमएत, पिंजऱ्यातल्या लढतीत, खाली पडलेलीबी जिंकती." म्या म्हणलं, असली कसली कुस्ती? थू! दोन दिवस बोललो न्हाय तिच्यासंगं. पण शिकली का न्हाय? शिकलीच की! रविवारी बघितलं ना तुमी — खाली पडलीय, पण घाई न्हाय, घाबरणं न्हाय. वरच्या पोरीचा हात फसत आलाच होता — चाळीस वर्सं मातीत गेली माझी, मला कळतंय, जिंकत होती ती! मग पालथी का झाली? पालथी झाली, पाठ दिली, आन् त्या पोरीनं मागनं गळा आवळला. डोळं पांढरं झालं हो माझ्या लेकराचं.

डोकं बंद पडलं न्हाय सर. तुमी कोपऱ्यात ओरडत होता, मागं कोण ओरडलं ते तुमाला ऐकू आलं न्हाय. मी ओरडलो. "राजे, पाठ लागली!" — खुर्चीवरनं उठून. तोंडातनं निघूनच गेलं. सोळा वर्सं तेच ओरडत आलोय, दुसरं येतंय काय मला? एवढ्या गोंगाटात तिनं बापाचा आवाज बरोबर वळखला, आन् वळली.

तिनं सांगितलं न्हाय तुमाला? न्हायच सांगणार. घरीबी म्हणती, माझंच चुकलं अप्पा. गळ्यावर वळ उठलाय, ओढणीनं झाकती माझ्यापासनं.

पुढल्या महिन्यात लढत हाय, तवा मी येऊ नये, हेच सांगायला आलाव ना? सरळ सांगा की. न्हाय येत. पण मी येरमाळ्यात बसलो तरी तिला ऐकू येणारच, त्याचं काय करता? खाली पडली की माझी चापट आठवणारच तिला.

थांबा. राजे! ए राजे! ये इकडं, आखाड्यात ये. — पड. पाठीवर पड म्हणतोय. अगं माझ्या तोंडाकडं काय बघतीस, मीच सांगतोय, लाव पाठ! — सर, तुमी जरा बाहेर थांबा.