शालिकरामजींच्या नावावरचा कूलर

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या पूर्व विदर्भ कोठार संघाचे व्यवस्थापक श्री. रविंद्र पांढरीपांडे साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले संचालक मंडळाचे मान्यवर. आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या मालमत्ता विभागाच्या प्रमुख श्रीमती चारुशीला नंदेश्वर मॅडम. त्यांच्या शेजारी, आपण इथे पाहुणे की साक्षीदार या विचारात बसलेले त्यांचे यजमान संघपालजी. आणि मे अखेरच्या या नऊ जळत्या दिवसांत, भर नवतप्याच्या उन्हात, जेवण आहे हे आधीच कळलेलं असूनही केवळ मॅडमवरच्या प्रेमापोटी आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्ती शांत, मनमिळाऊ आणि हसतमुख असावी लागते. यातला एकही शब्द मी मॅडमबद्दल उच्चारला, तर मागच्या रांगेत हशा पिकेल. तेव्हा तो मोह आवरतो. मॅडमनी या महिन्यात काय केलं, तेवढंच सांगतो. आपण सगळे त्याला साक्षीदार आहोत. काही जण आरोपीही आहेत. पण शुभप्रसंगी कुणाची नावं घेऊ नयेत. एक-दोन घ्यावी लागतील.

आपल्या संचालक मंडळानं ठरवलं की संघाच्या मालकीची प्रत्येक वस्तू संगणकात चढली पाहिजे. वाडीच्या गोदामांतले वजनकाटे, ताडपत्र्या, शिड्या, आग विझवायची नळकांडी; सीताबर्डीच्या या मुख्य कार्यालयातली टेबलं, खुर्च्या, कूलर, सगळं. मिहानमधल्या एका कंपनीनं प्रणाली दिली आणि ती बसवायला वेदिका नावाची हुशार मुलगी पाठवली. ती समोर बसली आहे. आली तेव्हा फार हसायची.

वेदिकानं पहिल्या दिवशी सांगितलं, "काही अवघड नाही. तुमच्याकडे एक्सेलच्या फाइली आहेतच. एका ओळीत एक वस्तू, एका रकान्यात एक माहिती. एवढं असलं की बटण दाबायचं, सगळं आत जातं."

काय ही श्रद्धा! मंडळी, आपल्या एक्सेलच्या फाइली तुम्ही पाहिल्या आहेत. आपल्याकडे फाइल माहितीसाठी कुणी बनवतं का? ती साहेबांसमोर ठेवायला बनवतात. वरच्या चार ओळी जोडून मधोमध झेंडूच्या रंगात संघाचं नाव, त्याखाली वर्ष, त्याखाली पुन्हा संघाचं नाव, कारण जागा उरली होती. मोडकी वस्तू म्हणजे ओळ लाल, हरवलेली म्हणजे गुलाबी. लाल कुठं संपतो आणि गुलाबी कुठं सुरू होतो, हे ज्यानं रंगवलं त्यालाच माहीत, आणि त्याची बदली गोंदियाला झालेली. यंत्राला रंग दिसत नाही, हे ऐकून आपल्या काही लोकांना यंत्राची कीव आली.

खरेदीच्या तारखेच्या रकान्यात काय होतं? 'दिवाळीच्या सुमारास'.

आणि सगळ्यांत थोर शोध म्हणजे 'वरीलप्रमाणे'. एकदा 'वजनकाटा' लिहिलं की खाली पान संपेपर्यंत 'वरीलप्रमाणे'. कागदावर ठीक होतं. वेदिकानं किमतीप्रमाणे क्रम लावला आणि ओळी आपापल्या जागा सोडून फिरल्या. वजनकाट्याखालचा 'वरीलप्रमाणे' पंख्याखाली गेला आणि पंखा झाला. पंख्याखालचा शिडीखाली गेला. एका क्षणात वाडीच्या गोदामात ताडपत्र्यांना मोटर बसली. वेदिकाचं हसणं त्या दिवशी थांबलं.

मॅडम म्हणाल्या, "घाबरू नको वं. हे तर शेवाळ आहे. विहीर अजून खोल आहे."

त्यांनी जुनी प्रत काढली, प्रत्येक 'वरीलप्रमाणे'च्या जागी वस्तूचं खरं नाव बसवलं. खुर्ची, चेअर, खुर्ची लोखंडी, लो. खुर्ची आणि नुसतंच 'बसायचं' या पाच जातींना त्यांनी एका पंगतीला बसवलं. रंग पुसले आणि 'स्थिती' नावाचा साधा रकाना केला. पाहणाऱ्याला कंटाळा यावा अशी ती फाइल झाली. वेदिका म्हणाली, इतकी सुंदर फाइल मी आजवर पाहिली नव्हती.

बटण दाबलं. फाइल जवळजवळ आख्खी परत आली.

का? आता मी विहिरीकडे येतो. नव्या प्रणालीत एक रकाना सक्तीचा आहे, 'ताबा'. वस्तू कुणाच्या ताब्यात आहे, त्या माणसाचा कर्मचारी क्रमांक. आणि तो माणूस आज नोकरीत असला पाहिजे. बस, एवढीच अट. पण आपल्या संघाचं सारं तत्त्वज्ञान या अटीच्या विरुद्ध उभं आहे. आपल्याकडे वस्तू वापरतात सगळे. नावावर कुणी घेत नाही. नाव लावलं की हरवली तेव्हा भरून द्या, मोडली तेव्हा उत्तर द्या. म्हणून भांडारपाल कै. शालिकरामजी बोकडे हयात असताना जे येईल ते त्यांच्या नावावर टाकायची पद्धत पडली. ते भले गृहस्थ, नाही म्हणायचे नाहीत. पुढे ते निवृत्त झाले. पद्धत चालू राहिली. पुढे ते गेले. पद्धत चालूच राहिली! माणसाची मरणानंतर कीर्ती वाढते, हे आपण ऐकलं होतं. मालमत्ता वाढते ती फक्त आपल्या संघात. गेल्या उन्हाळ्यातले कूलरसुद्धा शालिकरामजींनीच ताब्यात घेतले.

वेदिकाला बिचारीला काय ठाऊक? तिनं मॅडमना विचारलं, "हे शालिकरामजी कोण? सगळं त्यांच्याच नावावर येऊन राहिलं. त्यांना एकदा लॉगिन करायला सांगा ना."

मॅडम म्हणाल्या, "त्याइचं लॉगआउट झालं बाई. अंबाझरी घाटावर."

इथपर्यंत आपण हसू शकतो. पण मान्यवर संचालकांनी आणखी एक नियम करून ठेवला होता. ज्या वस्तूला ताबेदार सापडणार नाही, ती आपोआप मालमत्ता विभागाच्या प्रमुखांच्या नावावर चढेल. म्हणजे चारुशीला मॅडमच्या. आणि नावावर वस्तू असेल तर निवृत्तीच्या वेळी ना-देय दाखला मिळत नाही. दाखला नाही तर निवृत्तीचे पैसे अडकतात. त्यांच्या आधीचे प्रमुख एका शिडीपायी निवृत्तीनंतर या इमारतीचे जिने चढत राहिले होते. एका शिडीपायी! इथे तर आख्खा कोठार संघ एका बाईच्या डोक्यावर चढणार होता, आणि मे महिना उतरणीला लागलेला.

प्रशासन विभागाचे आपले अंकुशराव ठवकर मदतीला धावले. म्हणाले, "सोपं आहे ना जी. शालिकरामजीले एक नवा क्रमांक देऊन टाका."

"देतो ना," मॅडम म्हणाल्या. "क्रमांक दिला का हजेरी लागन, हजेरी लागली का पगार निघन. सही घ्यायले तुम्ही जासाल का वरतं?"

अंकुशराव तातडीनं दुसऱ्या कामाला लागले.

मॅडमनी रीतसर परिपत्रक काढलं. आपापल्या ताब्यातल्या वस्तू कळवा. सगळ्या विभागांकडून उत्तरं आली, आणि काय एकजूट होती ती! निरंक. निरंक. निरंक. प्रशासनानं खुर्चीवर बसून, टेबलावर कागद ठेवून, कूलरच्या वाऱ्यात लिहिलं: या विभागाच्या ताब्यात काहीही नाही. माझ्या लेखा विभागानं काय लिहिलं, असं कृपया विचारू नका. वेळ कमी आहे.

दुसरा कुणी असता तर रडला असता किंवा रजेवर गेला असता. संघपालजींनीही तेच सुचवलं होतं म्हणतात. मॅडमनी ते सगळे निरंक नीट लावून ठेवले आणि फाइलमध्ये त्या वस्तूंपुढे लिहिलं, 'वापरात नाही'. बरोबरच आहे! ज्या वस्तूचा कुणी वापरकर्ता नाही, ती वापरात कशी असेल? आणि वापरात नसलेली वस्तू वाडीच्या गोदामात जमा करावी, हा नियम तर आपल्या संघाच्या स्थापनेपासूनचा.

बुधवारी सकाळी हमालांचे मुकादम नत्थूजी टेम्पो घेऊन दारात उभे राहिले. नवतपा लागलेला. सीताबर्डीच्या डांबरावर चप्पल चिकटत होती. नत्थूजींनी सुरुवात प्रशासनाच्या कूलरपासून केली. वायर काढली आणि आडवा केला.

अंकुशराव उठले. "अबे नत्थू, काहून नेऊन राहिला बे?"

"मले काय विचारता साहेब? मॅडम म्हणे उचल, मी उचललं."

मॅडम मागेच उभ्या होत्या, हातात लॅपटॉप. "तुमचा आहे का जी कूलर?"

"माझा नाही, पण..."

"मंग बसा ना आरामानं. ज्याचा असन, तो बोलन."

अंकुशराव बसले. मंडळी, त्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. वारा बंद झाला आणि भिंतींनी जो श्वास सोडला, तो मी दारातून अनुभवला आहे. अंकुशरावांनी रुमाल काढला, फाइलनं वारा घातला. स्वाभिमानानं बराच वेळ टिकाव धरला. कूलर जिन्याच्या दुसऱ्या वळणावर गेला आणि वरून आरोळी आली.

"ठेव खाली! माझा आहे! माझा आहे म्हणतो ना!"

"क्रमांक सांगा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी क्रमांक सांगितला. आपल्या संघाच्या इतिहासात जिवंत माणसानं स्वतःहून वस्तू नावावर घेतल्याची ती पहिली घटना.

मग काय विचारता! टेम्पो पाहून विभागाविभागांतून माणसं बाहेर आली. ज्या खुर्च्यांना कुणी वाली नव्हता, त्यांना मिठ्या पडल्या. दुपारपर्यंत भीती अशी पसरली की लोक दुसऱ्याच्याही वस्तू आपल्या म्हणू लागले. व्हरांड्यातला कूलर आस्थापनेचा की विधी विभागाचा, यावरून हमरीतुमरी झाली.

"आमचा आहे."

"तुमचा? हवा कोणाकडे येऊन राहिली पाहा!"

एका वस्तूला दोन नावं, आणि प्रणाली अशी ओळ पुन्हा परत पाठवते. वेदिकानं हात टेकले. मॅडमनी दोन्ही विभागांना बोलावून एकच प्रश्न केला, "याच्यात पाणी कोण भरन?"

विधी विभागानं दावा तत्काळ मागे घेतला.

राहिली साहेबांची केबिन. साहेबांच्या वतीनं त्यांच्या स्वीय सहाय्यकानं निरंक लिहिलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. साहेबांना कल्पना नव्हती. नत्थूजी पान्हा घेऊन एसीखाली उभे राहिले. दुसरे हमाल खुर्चीमागे. साहेब म्हणाले, "नंदेश्वर मॅडम, ही खुर्ची तरी..."

"सर, खुर्ची कोणाचीच नसते असं तुम्ही मागच्या निरोप समारंभात म्हणाले होते. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

साहेब मोठ्यानं हसले. क्रमांक त्यांनी स्वतः टाकला. आत्ताही हसून राहिले आहेत, म्हणजे मला पुढे बोलायला हरकत नाही.

टेम्पो रिकामा परत गेला. शुक्रवारी वेदिकानं पुन्हा बटण दाबलं. आम्ही सगळे तिच्या खुर्चीमागे दाटीवाटीनं उभे, जणू निकाल लागणार होता. लागलाच म्हणा. परत आलेल्या ओळी: एकही नाही. वेदिकानं अशी किंकाळी मारली की खालचा पानवाला वर आला. अंकुशरावांनी टाळी दिली ती नत्थूजींना. मॅडमनी मात्र आधी एक नाव शोधायला सांगितलं, शालिकराम बोकडे. त्यापुढे काही उरलं नव्हतं.

"सुटले बाप्पा एकदाचे," त्या हळूच म्हणाल्या. कै. शालिकरामजींना खरा निरोप त्या दिवशी मिळाला.

आणि आज सकाळी, ना-देय दाखल्यावर सही करण्याआधी, साहेबांनी नियमाप्रमाणे वेदिकाला दुसरं नाव शोधायला सांगितलं, चारुशीला नंदेश्वर. इतकी वर्षं या बाईनं संघाची सुई न् सुई सांभाळली, आणि पडद्यावर उमटलं, 'नोंद आढळली नाही.' दुसऱ्या कुणाला हे वाचून वाईट वाटलं असतं. मॅडमनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, संघपालजींना जवळ बोलावून वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "प्रिंट काढ वं वेदिका. मोठ्या अक्षरात." साहेबांनी सही केली. दाखला आता त्यांच्या पर्समध्ये आहे आणि पर्स त्यांनी मांडीवर घट्ट धरली आहे. बरोबर आहे, मॅडम. या कार्यालयात काहीही भरवशानं खाली ठेवू नका.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, आपण उन्हात येऊन ऐकलंत, नत्थूजींनी आजच्या दिवसापुरता टेम्पो आणला नाही, या सर्वांबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाच्या खुर्चीला माझा धक्का लागला असेल, तर क्षमा असावी. खुर्ची मात्र आता आपल्याच नावावर आहे, तेव्हा दुरुस्ती आपली आपणच करून घ्यावी.